‘औतार्केइआ’ हा ग्रीक शब्द धर्मग्रंथांत कसा वाचावा

ग्रीक तत्त्वज्ञानाचा किंवा बायबलच्या नव्या कराराचा मुळातून अभ्यास करू लागलेल्या वाचकाला ‘औतार्केइआ’ हा शब्द लवकरच भेटतो, आणि शब्दकोश त्याच्यासमोर ‘स्वयंपूर्णता’, ‘स्वावलंबन’, ‘समाधान’, ‘पुरेसा साठा’ असे चार अर्थ मांडून मोकळा होतो. अडचण अशी की हे अर्थ एकमेकांच्या जागी चालत नाहीत. नगराला समाधानी म्हणता येत नाही, देवाला स्वावलंबी म्हणणे विचित्र वाटते, आणि तुरुंगात बसून दुसऱ्यांनी पाठवलेल्या मदतीची पोच देणाऱ्या ख्रिस्ती प्रेषित पौलाला स्वयंपूर्ण म्हटले, तर त्याच्या पत्राचा अर्थच उलटतो. म्हणून कोशातला सोयीचा अर्थ उचलण्याऐवजी प्रत्येक उताऱ्यात हा शब्द कसा तपासावा, याची एक पद्धत येथे मांडली आहे. ग्रीक लिपी ओळखता येत असेल तर उत्तम. पण चांगले भाषांतर आणि शब्दसूची हाताशी असेल, तरीही बहुतेक पायऱ्या पार करता येतात.

आधी शब्द उकलावा

‘औतोस’ म्हणजे स्वतः, आणि ‘आर्केओ’ म्हणजे पुरणे. या दोहोंपासून ‘औतार्केस’ हे विशेषण आणि त्यावरून ‘औतार्केइआ’ हे स्त्रीलिंगी नाम तयार होते. आधुनिक ग्रीक उच्चारात, म्हणजे आजच्या ग्रीक चर्चमधील वाचनात, हाच शब्द ‘आफ्तार्किआ’ असा ऐकू येतो. तो निराळा शब्द समजू नये.

‘आर्केओ’ या क्रियापदाकडे मात्र थोडा वेळ द्यावा, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. त्याचा जुना अर्थ ‘संकट थोपवणे, आडवे येऊन वाचवणे’ असा आहे. इलियडच्या सहाव्या सर्गात आरिस्बे येथील अक्सिलोस नावाचा एक माणूस मारला जातो. त्याचे घर रस्त्यालगत होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांचा तो पाहुणचार करीत असे. पण त्या दिवशी त्यांपैकी एकानेही पुढे होऊन त्याचा विनाश थोपवला नाही, असे होमर म्हणतो, आणि ‘थोपवला’ यासाठी तो हेच क्रियापद वापरतो. संकटापुढे टिकेल इतके बळ असणे, या अर्थावरून पुढे ‘पुरेसे असणे’ हा अर्थ रुळला. मराठी वाचकाला हे वळण समजायला कठीण जाऊ नये, कारण ‘तो एकटा दहा जणांना पुरून उरेल’ असे आपण म्हणतो तेव्हा पुरणे आणि तोंड देणे या दोन्ही छटा एकाच शब्दात असतात. धातू मात्र वेगळे आहेत: आपले ‘पुरणे’ भरण्याच्या अर्थाच्या धातूतून आले आहे, तर ग्रीक शब्द थोपवण्याच्या अर्थातून. साम्य वापरातले आहे, व्युत्पत्तीतले नाही. पण वाचताना ते फार उपयोगी पडते आणि या लेखात मी त्याचाच आधार घेणार आहे.

येथे एक चूक टाळावी. ग्रीकमध्ये ‘औतार्खिआ’ असाही एक शब्द आहे. तो ‘आर्खो’, म्हणजे सत्ता चालवणे, या क्रियापदापासून आला असून त्याचा अर्थ निरंकुश सत्ता असा होतो. एकात ‘काप्पा’ हे अक्षर आहे आणि दुसऱ्यात ‘खी’. युरोपीय भाषांत दोन्ही शब्द जवळजवळ सारखे दिसू लागल्यामुळे आर्थिक स्वयंपूर्णतेविषयीच्या लेखनात त्यांची सरमिसळ वारंवार होते. आपल्या उताऱ्यात ‘काप्पा’ आहे ना, एवढे पाहावे आणि पुढे जावे.

चार प्रश्न विचारावेत

शब्द समोर आला की वाक्याला चार प्रश्न विचारावेत. कोण पुरतो? कशाला किंवा कशापुढे पुरतो? हे पुरेपण आले कोठून? आणि पुरल्यानंतर काही उरते का, उरले तर ते कोणाकडे जाते? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुधा त्याच वाक्यात मिळतात. तिसऱ्यासाठी अलीकडची-पलीकडची चार वाक्ये वाचावी लागतात. चौथा प्रश्न अभिजात ग्रीक लेखनात क्वचितच उपयोगी पडतो. धर्मग्रंथांत मात्र पुष्कळदा निर्णय त्यावरच होतो.

पहिल्या दोन प्रश्नांचा सराव करण्यासाठी इतिहासकार बरे. हेरोडोटसच्या पहिल्या ग्रंथात (१.३२) अथेन्सचा ज्ञानी सोलोन लिडियाच्या श्रीमंत राजाला, क्रोइसोसला, सांगतो की कोणताही देश स्वतःला लागणारे सर्व काही स्वतः पिकवत नाही, एक असते तर दुसरे नसते; तसेच कोणत्याही एका माणसाचा देह ‘औतार्केस’ नसतो. थुकिडिडिसने हाच शब्द अधिक बोचऱ्या रीतीने वापरला आहे. इ.स.पू. ४३१–४३० च्या हिवाळ्यातील पेरिक्लिसच्या भाषणात (२.४१) अथेन्सचा प्रत्येक नागरिक नाना प्रकारच्या प्रसंगांना पुरून उरणारा आहे, असा अभिमान व्यक्त होतो. त्यानंतर बरोबर दहा प्रकरणांनी (२.५१), ४३० च्या उन्हाळ्यात सुरू झालेल्या साथीचे वर्णन करताना, बळकट असो वा दुर्बळ, कोणताही देह त्या रोगापुढे ‘औतार्केस’ ठरला नाही, असे तो नोंदवतो. कोण, तर देह. कशापुढे, तर रोगापुढे. येथे ‘स्वयंपूर्ण’ हा शब्द घालून पाहावा, म्हणजे तो किती निकामी ठरतो ते कळते. ‘रोगापुढे टिकला नाही’ हेच बरोबर.

थुकिडिडिसच्याच पहिल्या ग्रंथात (१.३७) करिंथचे दूत कोर्किरा बेटावर आरोप करतात की त्या नगराचे स्थान ‘औतार्केस’ आहे, त्याला इतरांच्या बंदरांत जावे लागत नाही, इतरांनाच त्याच्याकडे यावे लागते, म्हणून आपण केलेल्या अन्यायाचा न्यायनिवाडाही तेथील लोक स्वतःच करतात. स्वयंपूर्णता हा गुणच असतो असे समजणाऱ्याने हा उतारा जरूर वाचावा. मराठीत ‘स्वतःला पुरणारा’ आणि ‘स्वतःपुरता’ यांत जो फरक आहे, तोच फरक या ग्रीक शब्दाच्या पोटात दडलेला आहे, आणि तो केवळ संदर्भावरून ओळखावा लागतो.

देवाविषयी आलेला शब्द

हा शब्द देवाविषयी आला असेल तर काम सोपे आहे, कारण तेथे तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असते: देवाचे पुरेपण त्याचे स्वतःचेच असते. युरिपिडिसच्या ‘हेराक्लिस’ या नाटकात नायक म्हणतो की देव जर खरोखर देव असेल, तर त्याला कशाचीही गरज नसते. प्लेटोच्या ‘टिमेयस’मध्ये विश्वाची घडण करणारा त्याला दुसऱ्यावर अवलंबून न ठेवता ‘औतार्केस’ करतो, कारण ते अधिक चांगले (३३), आणि पुढे (६८) त्या विश्वरूप देवालाच स्वयंपूर्ण आणि परिपूर्ण अशी विशेषणे एकत्र लावलेली आहेत. झेनोफोनच्या आठवणींत (१.६) सॉक्रेटिस अँटिफोनला सांगतो की कशाचीच गरज नसणे हे दैवी लक्षण आहे आणि कमीत कमी गरजा असणे हे त्या दैवी स्थितीच्या सर्वांत जवळ आहे. या एका वाक्यात पुढील कित्येक शतकांच्या वैराग्यविचाराचे बीज आहे: देव निरपेक्ष, म्हणून माणसाने गरजा कमी करीत त्याच्यासारखे व्हावे.

यातून उपासनेविषयी एक पेच निर्माण होतो. देवाला काहीच नको असेल, तर त्याला अर्पण कशासाठी करायचे? प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ या संवादात सॉक्रेटिस हा प्रश्न जवळजवळ चिमटा काढत विचारतो: मग धर्माचरण म्हणजे देव आणि माणसे यांच्यातला व्यापारच म्हणायचा का? याच पेचाचे पडसाद इतरत्र दिसतात का, हे वाचताना पाहावे. बायबलच्या पन्नासाव्या स्तोत्रात देव म्हणतो की मला भूक लागली असती, तरी मी तुला सांगितले नसते. अथेन्सच्या अरिओपागात केलेल्या भाषणात (प्रेषितांची कृत्ये १७:२५) पौल सांगतो की देवाला काही उणे आहे म्हणून माणसांच्या हातून त्याची सेवा व्हावी, असे नाही. या दोन्ही ठिकाणी ‘औतार्केइआ’ हा शब्द नाही, पण विचार तोच आहे. अरिओपागातल्या श्रोत्यांना तो परका वाटला नसावा. शब्दसूचीवर विसंबून राहणाऱ्याच्या हातून असे उतारे निसटतात, म्हणून ‘गरज नसलेला’ या अर्थाचे ग्रीक शब्दही टिपून ठेवावेत.

माणसाविषयी: कोणाची शिकवण, ते ओळखावे

माणसाला ‘औतार्केस’ म्हटले असेल, तर लेखक कोणत्या परंपरेत बोलतो हे पाहावे. येथे फार वेळ घालवण्याची गरज नाही; तीन ढोबळ भेद पुरेत.

ॲरिस्टॉटलच्या ‘निकोमाखियन एथिक्स’मध्ये (१.७) स्पष्ट इशारा आहे की ‘औतार्केस’ म्हणजे एकाकी जगणाऱ्या एकट्याला पुरेसे असे नव्हे, आईवडील, मुले, पत्नी, मित्र आणि सहनागरिक यांच्यासह पुरेसे, कारण माणूस स्वभावतःच नगरात राहणारा आहे. ‘पॉलिटिक्स’मध्ये (१.२) पूर्ण ‘औतार्केइआ’ नगराच्या पातळीवर येते, आणि समाजात राहू न शकणारा किंवा स्वयंपूर्ण असल्यामुळे समाजाची गरजच नसलेला एक तर पशू असतो किंवा देव. गरजा कमीत कमी ठेवणाऱ्या सिनिक पंथाने आणि त्यानंतर स्टोइक तत्त्वज्ञांनी हे वर्तुळ एका माणसापर्यंत आवळले: अँटिस्थेनिसच्या नावावर असे मत सांगितले जाते की सुखासाठी सद्गुण पुरेसा आहे, वर फक्त सॉक्रेटिसचे बळ हवे. ओंजळीने पाणी पिणारे मूल पाहून सिनिक डायोजेनिसने आपला पेला फेकून दिला, ही गोष्ट याच वळणाची. एपिक्युरसची भूमिका मात्र या दोहोंहून शहाणी वाटते, निदान मला. मेनोइकेउसला लिहिलेल्या पत्रात तो ‘औतार्केइआ’ला मोठे धन म्हणतो, पण नेहमी थोडक्यातच भागवावे म्हणून नव्हे, तर पुष्कळ नसेल तेव्हा थोड्यात भागवता यावे म्हणून, आणि त्याच्या एका वचनानुसार तिचे सर्वांत मोठे फळ म्हणजे स्वातंत्र्य.

या सर्वांत तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र जवळपास एकच येते: पुरेपण माणसाच्या आतून, त्याच्या विवेकातून किंवा नगराच्या रचनेतून येते. हे लक्षात ठेवून धर्मग्रंथ उघडावेत.

ग्रीक जुना करार: पुरवणारा वेगळा निघतो

हिब्रू शास्त्राचे ग्रीक भाषांतर, म्हणजे सेप्टुआजिंट, येथे निर्णायक आहे, आणि नेमके तेच बहुतेक वाचक वगळतात. तीन ठिकाणे पाहावीत.

पहिले ठिकाण ‘अनुवाद’ या जुन्या करारातील पुस्तकाचे ३२:१०. हिब्रू पाठात देवाला आपले लोक ओसाड प्रदेशात ‘सापडले’ असे आहे. ग्रीक भाषांतरकाराने तेथे ‘औतार्केओ’ हे क्रियापद वापरले: रखरखीत, निर्जल भूमीत देवाने त्यांना पुरवले. चार प्रश्न विचारून पाहा. पुरेसे झाले ते लोक. कशापुढे, तर तहान आणि वाळवंट यांपुढे. कोठून, तर देवाकडून. शब्दात ‘स्वतः’ आहे, पण वाक्यात पुरवणारा दुसराच आहे. जो शब्द तत्त्वज्ञांच्या हाती कोणावाचून न अडण्याचा अर्थ सांगत होता, तोच येथे सकर्मक होऊन कोणीतरी कोणाला तरी पुरवण्याचा अर्थ देतो. मराठीत हा बदल ‘पुरणे’पासून ‘पुरवणे’पर्यंत एका अक्षराचा आहे, आणि पौलाची पत्रे वाचताना तो सतत ध्यानात ठेवावा लागेल.

दुसरे ठिकाण नीतिसूत्रे ३०:८, म्हणजे ‘मला दारिद्र्य नको आणि संपत्तीही नको’ ही प्रार्थना. (काही ग्रीक आवृत्त्यांत हा भाग चोविसाव्या अध्यायात सापडतो.) हिब्रूत येथे वाट्याची भाकर मागितली आहे, ग्रीकमध्ये ‘आवश्यक ते आणि औतार्के ते’ नेमून दे, असे मागणे आहे. हे नपुंसकलिंगी अनेकवचन आहे, म्हणजे येथे मनाचा गुण नसून पुरेशा वस्तू अभिप्रेत आहेत. व्याकरणाचे रूप पाहणे किती उपयोगी असते ते येथे दिसते. दैनंदिन ग्रीकमध्येही शब्दाचा असा साधा वापर होता. इजिप्तमधील पहिल्या शतकातल्या एका करारात स्नानगृहासाठी ‘औतार्के’ जळण पुरवण्याचा उल्लेख आहे. प्रत्येक ठिकाणी तत्त्वज्ञान शोधणाऱ्याने हे जळण आठवावे.

तिसरे ठिकाण बेन सिरा या यहुदी ज्ञानी माणसाचा ग्रंथ, जो त्याच्या नातवाने इ.स.पू. १३२ नंतर इजिप्तमध्ये ग्रीकमध्ये आणला. तेथे (५:१) ताकीद आहे: आपल्या धनावर भिस्त ठेवू नकोस आणि ‘मला पुरेसे आहे’ असे म्हणू नकोस. अकराव्या अध्यायात (११:२४) तेच वाक्य पुन्हा येते: मला पुरेसे आहे, आता माझे काय वाईट होणार, असे म्हणू नकोस. दोन्ही ठिकाणी विशेषण तेच, ‘औतार्के’. म्हणजे ज्या प्रार्थनेत हा शब्द मागणे म्हणून येतो, तिच्याच परंपरेत तो बढाई म्हणून निषिद्धही ठरतो. फरक एवढाच की एकीकडे पुरेसे हवे ते देवाकडून, आणि दुसरीकडे ते आपल्या पेटीत आहे म्हणून निश्चिंती.

नव्या करारातील तीन जागा

नव्या करारात नाम दोनदाच येते, करिंथकरांस दुसरे पत्र ९:८ आणि तीमथ्याला पहिले पत्र ६:६ येथे, आणि विशेषण एकदाच, फिलिप्पैकरांस पत्र ४:११ येथे. संख्या एवढी कमी असल्यामुळे तिन्ही उतारे एकाच बैठकीत, शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. क्रम मात्र मी मुद्दाम बदलतो: फिलिप्पैकरांपासून सुरुवात करावी, कारण तत्त्वज्ञांची छाया तेथे सर्वांत गडद आहे.

फिलिप्पैची मंडळी एपफ्रदीताच्या हाती बंदिवान पौलाला मदत पाठवते आणि चौथ्या अध्यायाच्या शेवटी तो तिची पोच देतो. ‘ज्या स्थितीत आहे त्या स्थितीत औतार्केस असायला मी शिकलो आहे’ हे वाक्य सुटे काढले, तर ते कोणत्याही स्टोइकाच्या तोंडी शोभेल. म्हणूनच ते सुटे काढू नये. अकराव्या वचनाचा आरंभ पाहा: मला उणे पडले म्हणून बोलतो असे नाही. बाराव्यात दैन्य आणि समृद्धी, भूक आणि तृप्ती, या सर्वांचे रहस्य मला उमगले आहे, असे तो म्हणतो, आणि त्यासाठी जे क्रियापद वापरतो ते गूढ पंथांच्या दीक्षेचे आहे. नव्या करारात ते अन्यत्र कोठेही येत नाही. मग तेरावे वचन तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते: जो मला सामर्थ्य देतो त्याच्या ठायी मला सर्व काही शक्य आहे. पुरेपण स्वतःच्या आतून आलेले नाही. आणि चौदावे वचन ‘तरीही’ने सुरू होते: तरीही माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात, हे चांगले केले. स्टोइक ज्ञानी माणसाला या ‘तरीही’ची गरज पडली नसती.

पुढची वचने (१५–१८) वाचताना हिशेबाची भाषा कानावर पडली पाहिजे. देणे-घेणे, खाते, जमा, आणि ‘सर्व मिळाले’ हे पावतीवर लिहिले जाणारे क्रियापद. ‘मला कशाची गरज नाही’ आणि ‘तुमचे सगळे पोहोचले, मी भरून पावलो’ ही दोन वाक्ये तो एकाच परिच्छेदात उच्चारतो. या दोहोंपैकी एकच खरे मानायचे, असा मोह टाळावा. निरपेक्ष होऊनही घेता येते, हेच या उताऱ्याचे वैशिष्ट्य आहे, आणि येथे ‘स्वावलंबी’ हे भाषांतर केले की ते नाहीसे होते.

करिंथकरांच्या पत्रातील संदर्भ वर्गणीचा आहे: यरुशलेमच्या गरीब बांधवांसाठी निधी गोळा करायचा आहे आणि करिंथची मंडळी मागे रेंगाळते आहे. (थुकिडिडिसमधील करिंथकरांशी यांचा धागा जोडण्याचा मोह होतो, पण ते जुने नगर रोमनांनी इ.स.पू. १४६ मध्ये उद्ध्वस्त केले आणि इ.स.पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरने ते नव्याने वसवले. पौलाचे वाचक या नव्या वसाहतीतले.) आठव्या वचनात ‘सर्व’ या अर्थाची रूपे एकामागून एक पाच वेळा येतात: सर्व कृपा, सर्व बाबतींत, सर्वदा, सर्व औतार्केइआ, सर्व सत्कार्य. मोठ्याने वाचल्याखेरीज ही लय कळत नाही. अर्थाच्या दृष्टीने मात्र महत्त्वाचे आहे ते त्या वाक्यातील दुसरे क्रियापद, ‘ओसंडणे’ किंवा ‘उरणे’. देवाची कृपा तुमच्यावर ओसंडते, त्यामुळे तुम्हाला सर्व काही पुरते, आणि त्यामुळे प्रत्येक चांगल्या कामासाठी तुमच्याकडे उरते. चौथा प्रश्न येथे प्रथमच पूर्णपणे कामी येतो. हे उरलेले दुसऱ्याकडे जायचे आहे, म्हणूनच ते दिले आहे. मराठीत ‘पुरून उरावे’ असे दोन शब्दांत हे वचन जितके नेमके उतरते, तितके लांबलचक भाषांतरांतही उतरत नाही, असे माझे मत आहे. येथे ‘समाधान’ हा शब्द चुकीचाच ठरतो. वर्गणीच्या संदर्भात मनःस्थितीची नव्हे, हातात काय आहे याची चर्चा चालली आहे.

तीमथ्याच्या पत्रात पुन्हा वेगळे वळण आहे. हे पत्र स्वतः पौलाने लिहिले की नाही, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. शब्दाच्या वाचनावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. पाचव्या वचनात भक्ती म्हणजे कमाईचे साधन मानणाऱ्यांवर टीका आहे. सहावे वचन तोच ‘कमाई’ हा शब्द उचलून उलटवते: भक्ती ही मोठी कमाई आहेच, पण ‘औतार्केइआ’सह असेल तर. पुढच्या दोन वचनांत मापही सांगितले आहे: जगात आपण काही आणले नाही, काही नेताही येणार नाही, अन्न आणि पांघरूण असले की तेवढ्यावर पुरे मानू. ‘पुरे मानू’ यासाठी ‘आर्केओ’चेच रूप येते, म्हणजे सहाव्या वचनातील नामाची फोड आठव्या वचनातील क्रियापद करते. हे जोडणे विसरू नये. येथे मनाची वृत्तीही आहे आणि वस्तूंचे मापही; म्हणून ‘समाधान’ चालते, पण त्याला अन्न-वस्त्राचे माप जोडलेले राहिले पाहिजे. चौथा प्रश्न विचारला, तर उत्तर सतराव्या-अठराव्या वचनांपर्यंत लांबते, जेथे श्रीमंतांना उदार हाताने द्यायला सांगितले आहे.

मराठी शब्द निवडताना

एकच मराठी शब्द सर्वत्र वापरण्याचा हट्ट धरू नये. विश्व, नगर किंवा देश यांच्याविषयी ‘स्वयंपूर्ण’ योग्य. देवाविषयी ‘स्वयंपूर्ण’ किंवा ‘निरपेक्ष’ योग्य. ग्रीकमधील ‘कशाचीच गरज नसलेला’ ही छटा ‘निरपेक्ष’मध्ये अधिक येते. रोग, शत्रू, संकट यांपुढे असेल तर ‘टिकणारा’ किंवा ‘पुरून उरणारा’ घ्यावा. वस्तूंविषयी नुसते ‘पुरेसे’. एपिक्युरससाठी ‘थोड्यात भागवणे’ हे बोलीतले वाटले, तरी त्याच्या अर्थाच्या सर्वांत जवळ आहे. पौलासाठी ‘पुरेसे असणे’ या मूळ कल्पनेपासून फार दूर न जाता वाक्य फिरवावे. ‘आहे त्यात मला पुरते, हे मी शिकलो आहे’ अशी रचना ‘संतुष्ट’पेक्षा कमी गोड, पण अधिक प्रामाणिक आहे. लॅटिन बायबलने तिन्ही जागी ‘सुफिकिएन्तिआ’ आणि ‘सुफिकिएन्स’ हेच शब्द ठेवले, म्हणजे पुरेपणाचीच कल्पना कायम राखली. समाधानाकडे झुकणे ही नंतरच्या भाषांतरांची सवय आहे.

‘स्वावलंबन’ हा शब्द मात्र शक्यतो बाजूला ठेवावा. त्यात अवलंबून राहण्याची दिशा स्वतःकडे वळलेली असते, आणि अनुवाद ३२ पासून फिलिप्पैकर ४ पर्यंतच्या उताऱ्यांत ती नेमकी उलट आहे. मी स्वतः आरंभी कित्येक दिवस हाच शब्द टिपणांत लिहीत होतो, आणि प्रत्येक वेळी पुढच्या वचनाशी भांडण होत होते.

नाम नसलेल्या जागा आणि नंतरचे लेखक

एवढे झाल्यावर शब्दसूचीत ‘आर्केओ’ शोधावा. लूक ३:१४ मध्ये बाप्तिस्मा करणारा योहान शिपायांना आपल्या पगारावर भागवायला सांगतो. इब्री १३:५ मध्ये जवळ आहे त्यावर पुरे मानण्याचे कारण म्हणून ‘मी तुला सोडणार नाही’ हे देवाचे आश्वासन दिले आहे, म्हणजे पुन्हा तिसरा प्रश्न. करिंथकरांस दुसरे पत्र १२:९ येथे ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ या वाक्यात तेच क्रियापद आहे, फक्त ‘औतोस’ हा पूर्वपद गळून पडला आहे आणि कर्ता झाली आहे कृपा. त्याच पत्राच्या ३:५ मध्ये आम्ही स्वतः होऊन समर्थ नाही, आमचे सामर्थ्य देवाकडून आहे, असे म्हणताना पौल वेगळ्या धातूचा शब्द वापरतो. ९:८ वाचताना हे वचन शेजारी ठेवावे.

चर्चच्या पुढील परंपरेत चौथ्या प्रश्नाला धार येते. चौथ्या शतकात कप्पदुकियातील कैसरियाचा बिशप बासील कोठारे वाढवणाऱ्या श्रीमंताच्या दाखल्यावरील प्रवचनात म्हणतो की प्रत्येकाने आपल्या गरजेपुरते घेऊन उरलेले गरजवंतासाठी सोडले असते, तर कोणी श्रीमंत राहिला नसता आणि कोणी गरीबही. असे उतारे वाचताना ‘पुरते’ आणि ‘उरलेले’ ही जोडी शोधावी. ती सापडली की लेखक करिंथकरांच्या नवव्या अध्यायाच्या वाटेवर आहे असे समजावे, मग नाम आलेले असो वा नसो. प्लेटोचा विचार पुढे नेणाऱ्या नवप्लेटोवादी लेखनात मात्र ही जोडी वेगळ्याच उंचीवर दिसते. पाचव्या शतकातील प्रोक्लुस आपल्या ‘धर्मतत्त्वांच्या मूलसूत्रां’त (सूत्र १०) सांगतो की जे जे ‘औतार्केस’ आहे, ते केवळ आणि निखळ अशा ‘शुभा’हून खालचे आहे, कारण स्वतःला पुरणारे स्वतःच्या शुभाने भरलेले असते, आणि ज्याला भरावे लागते ते शुभ स्वतः नव्हे. देवाविषयी आलेला शब्द सोपा असतो, असे मी वर म्हटले. प्रोक्लुसपाशी पोहोचल्यावर त्या विधानाला हा अपवाद जोडून ठेवावा.